घराचा अर्थ

ठिणगी म्हटली कीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील मनुष्याच्या मनांत प्रथम कापूसच येतो. दिवाळी झाली कीं वणी, पांढरकवडा, राळेगांव, दारव्हा या बाजूंस कापसाच्या गाड्या भरभरून येऊं लागतात, आणि जिनिंगच्या आवारांत पांढऱ्या टेकड्या उभ्या राहतात. त्या आवाराच्या फाटकावर विडीकाडी बाहेर ठेवण्याविषयीं मोठ्या अक्षरांत बजावलेलें असतें. कापसाबरोबर चुकून आलेला एखादा खडा किंवा खिळा यंत्राच्या लोखंडावर घासला, कीं तेवढी ठिणगी पुरते. आणि त्यांतली वाईट गोष्ट अशी कीं, दाबून बांधलेल्या रुईच्या गांठीच्या पोटांत शिरलेला विस्तव बाहेरून दिसत नाहीं. तो आंतल्या आंत कित्येक दिवस धुमसत राहतो. अशा मुलखांत वाढलेल्या माणसास ठिणगीची थट्टा सुचत नाहीं.

आमच्या घरांत संगणकापासून जी ठिणगी उडाली, तिनें सर्वांत अधिक अस्वस्थ कोणास केलें असेल तर माझ्या आईस. तिचे वडील दारव्ह्यास एका जिनांत तोलाईचें काम करीत असत, आणि लहानपणीं पाहिलेली एक आग ती अजून विसरलेली नाहीं.

तो काळ शाळा बंद असण्याचा होता. सन २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या साथीमुळें वर्ग बंद झाले, ते २०२१ चा पावसाळा लागला तरी पूर्ववत् सुरू झाले नव्हते. माझा भाचा घाटंजी तालुक्यांतील एका खेड्यांतून आमच्याकडे राहावयास आला होता. कारण त्याच्या गांवीं मोबाईलचा संपर्क मिळावा म्हणून नाल्यापलीकडील टेकाडावर जाऊन बसावें लागे, आणि भर पावसांत तें कसें साधावें? त्याच्यासाठीं आम्हीं एक वापरलेला संगणक विकत घेतला. पडद्यासाठीं पैसे उरले नाहींत, तेव्हां घरांतला टीव्हीच पडदा म्हणून वापरावयाचा असें ठरलें.

आषाढाचा पहिला आठवडा असेल. संगणक चालू होता, टीव्हीही चालू होता, आणि गच्चीवरून आलेली केबलची तार टीव्हीच्या पाठीशीं नेहमींप्रमाणें जोडलेली होती. भाच्यानें एचडीएमआय नांवाच्या जाड तारेचें एक टोंक संगणकांत बसविलें व दुसरें टीव्हीकडे नेलें. तें टोंक भोकाला टेकतें न टेकतें तोंच ‘चट्’ असा आवाज झाला आणि निळसर ठिणगी चमकून गेली. भाचा एक पाऊल मागें सरला. “मामा, पाह्यलं का? यातून जाळ निघाला!” असें तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजांत भीतीपेक्षां कौतुकच अधिक होतें, हें मला लपवून ठेवतां येत नाहीं.

आई मात्र स्वयंपाकघरांतून लगबगीनें आली. तिनें एकदां त्या पेटीकडे पाहिलें, एकदां नातवाकडे पाहिलें आणि निकाल दिला: “बंद कर ते. अभ्यास राह्यला त राहू दे, पोरगं राह्यलं पायजे.”

या निकालावर अपील नव्हतें. ठिणगीचें कारण समजेपर्यंत संगणकास हात लावावयाचा नाहीं, असें ठरलें. आणि इकडे भाच्याच्या मित्रांचे तास तर सुरूच होते. घरांतील एका वडीलधाऱ्या बाईस पटेल असें कारण शोधून काढणें हें आतां आम्हां दोघांचें काम झालें. मी मराठीचा शिक्षक. विजेशीं माझा संबंध दिवा लावण्याहून व विझविण्याहून फारसा पुढें गेलेला नव्हता. तथापि जिज्ञासेस विषयाचें बंधन नसतें, आणि गरज तर तिच्याहून अधिक शिकविते.

प्रथम मला वाटलें कीं, ही हिंवाळ्यांत लोंकरीचा स्वेटर काढतांना तडतडणारी वीज असावी. यवतमाळच्या कोरड्या थंडीत ती सर्वांच्या परिचयाची आहे. घर्षणानें अंगावर सांचणाऱ्या त्या विजेचा दाब हजारों व्होल्टपर्यंत चढतो, परंतु तिचा सांठाच इतका थोडा कीं एका चटक्यांत ती संपून जाते. पण आषाढांत हें कसें घडावें? भिंती ओल्या, हवा दमट, वाळत घातलेले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहींत. अशा हवेंत घर्षणाची वीज सांचूंच शकत नाहीं. शिवाय ती एकदां उडाली म्हणजे पुन्हां सांचावयास वेळ लागतो. आमची ठिणगी तर टोंक काढून पुन्हां टेकविलें कीं तत्काळ हजर! म्हणजे तिच्यामागें कोठून तरी अखंड पुरवठा होत होता.

तो कोठून होत होता, हें भाच्यानेंच एका अजब रीतीनें शोधून काढलें. संगणकाच्या पत्र्यावरून बोटाची मागची बाजू अगदीं हलकेंच फिरविली, तर पत्रा गुळगुळीत न लागतां मखमलीसारखा, बारीक थरथरता लागे. संगणक भिंतींतल्या कळीपासून सोडविला, कीं तोच पत्रा पुन्हां कांचेसारखा गुळगुळीत. (हा प्रयोग कोणी मुद्दाम करूं नये; मलाही तो त्यानें करून झाल्यावरच समजला.) मग त्यानें शेजाऱ्यांकडून टेस्टर आणून पत्र्यास लावला. त्यांतला चिमुकला दिवा मंद तांबूस पेटला. संगणकाची बाहेरची पेटी, जिला आपण निर्जीव लोखंड समजत होतों, ती विजेनें भारलेली होती!

पुढें वाचून आणि विचारून जें समजलें तें असें. संगणकाच्या पोटांत घरच्या २३० व्होल्टच्या विजेचें लहान दाबाच्या विजेंत रूपांतर करणारी एक पेटी असते. हें काम ती विजेची धार सेकंदास हजारों वेळां तोडून व जोडून करते, आणि त्या तोडजोडीचा गोंगाट तारांतून बाहेर पसरला तर शेजारचा रेडिओ खरखरूं लागेल. म्हणून तिच्या तोंडाशीं दोन लहान कंडेन्सर बसविलेले असतात. जुन्या लोकांचा कंडेन्सर तोच आतांचा कपॅसिटर. एक फेजच्या तारेपासून व दुसरा न्यूट्रलच्या तारेपासून निघतो, आणि दोघेही बाहेरच्या पत्र्यास येऊन मिळतात. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनें करणारी असल्यामुळें ती कंडेन्सरमधून थोडीशी झिरपतेच. हें झिरपणें योजनेस धरूनच आहे. कारण पत्र्यापासून तिसरी एक तार जमिनींत जावी आणि तिनें हें झिरपलेलें सारें वाहून न्यावें, अशी रचना करणाऱ्याची अपेक्षा असते. ती तिसरी तार जर कोठेंच गेली नसेल, तर दोन कंडेन्सरांच्या मध्यें सांपडलेला पत्रा बरोबर मधल्या दाबावर, म्हणजे सुमारें ११५ व्होल्टवर, लोंबकळत राहतो.

११५ व्होल्ट हा आंकडा ऐकून आई कदाचित् संगणक अंगणांतच टाकून देती. परंतु येथें दाबापेक्षां प्रवाह पाहावयाचा असतो. कंडेन्सर इतके लहान असतात कीं त्यांतून एक मिलिॲंपिअरहूनही कमी वीज वाहूं शकते. आणि मनुष्याच्या हातास विजेची जाणीवच मुळीं सुमारें एका मिलिॲंपिअरला होते. म्हणून संगणक मुंग्या आणतो, जीव घेत नाहीं.

मग ठिणगी कां उडावी? तर टीव्हीच्या पाठीमागची केबल आठवावी. तिच्या आंतल्या तारेभोंवतीं जी धातूची जाळी असते, ती गल्लींतून खांबाखांबांवरून फिरतांना कोठें ना कोठें जमिनीशीं जोडलेली असते. म्हणजे टीव्हीचें अंग जमिनीच्या दाबावर आणि संगणकाचें अंग ११५ व्होल्टवर. आणि या दोघांची भेट घडविणारी वस्तु म्हणजे भाच्याच्या हातांतील तें चपटें टोंक. दोन तळीं वेगवेगळ्या उंचीवर भरलेलीं असावींत आणि मधला बांध कोणीं फोडावा, तसें तें झालें.

या ठिणगीनें माणसास अपाय झाला नाहीं तरी यंत्रास होऊं शकतो. टीव्हीच्या व संगणकाच्या पोटांत बोलणीं चालतात तीं अवघ्या चार-पांच व्होल्टांच्या आंतबाहेर. तेथें क्षणभर जरी शंभर व्होल्टांचा झटका शिरला, तरी एखादें दार कायमचें बंद पडावें. हें जाणूनच अशा जोडण्यांत लोखंडी कवच किंवा जमिनीची पट्टी आधीं भेटेल अशी काळजी घेतलेली असते. १९९६ सालीं निघालेल्या यूएसबी जोडणींत आंत पाहिलें, तर चार सोनेरी पट्ट्यांपैकीं कडेच्या दोन किंचित् लांब दिसतात. त्या विजेच्या व जमिनीच्या. मधल्या आंखूड दोन निरोपाच्या. निरोप नंतर, आधीं जमीन. याहून आश्चर्य मला आपल्या घरांतल्या तीन पायांच्या साध्या प्लगाचें वाटलें. त्याचा वरचा पाय इतर दोहोंपेक्षां जाड आणि लांब कां असतो, हें जन्मभर हाताळूनही मला ठाऊक नव्हतें आणि तें सांगणाराही कोणी भेटला नव्हता. तो जमिनीचा पाय. प्लग भिंतींत जातांना तो सर्वांआधीं आंत जातो, आणि बाहेर येतांना सर्वांच्या मागून बाहेर येतो. घरांतला कर्ता माणूस असाच असतो.

आतां प्रश्न उरला, कीं आमच्या भिंतींतील तें तिसरें भोंक जमिनीपर्यंत पोंचतें कीं नाहीं. त्यासाठीं एका वयोवृद्ध वायरमन गृहस्थांस बोलाविलें. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणते. त्यांनीं फार तपास केला नाहीं. साठ वॅटचा एक जुना तारेचा दिवा होल्डरला दोन तारा लावून आणला होता. त्याची एक तार फेजच्या भोंकांत व दुसरी न्यूट्रलच्या भोंकांत घातली, तों दिवा लखलखीत लागला. मग दुसरी तार काढून वरच्या मोठ्या भोंकांत घातली. दिवा अंधार. दुसऱ्या खोलींत तेंच, तिसऱ्या खोलींत तेंच. चाचांनीं दिवा पिशवींत ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, “मास्तर, तुमच्या घराले अर्थच नाई जी.”

मराठी शिकविण्यांत पंचवीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास त्याच्या तोंडावर, त्याच्याच घरांत, असें सांगितलें जावें! भाचा तोंड फिरवून हंसूं लागला. चाचांस अर्थिंग म्हणावयाचें होतें, ज्यास पुस्तकांत भूसंपर्कन असें अवघड नांव आहे. पण मला त्यांचाच शब्द अधिक मार्मिक वाटतो. घर जुनें, माझ्या वडिलांच्या वेळचें. त्यांत लांकडी पट्ट्यांवरून दोनच तारा फिरविलेल्या; पुढें केव्हां तरी कोणीं तीन भोंकांचे सॉकेट बसविले, ते केवळ दर्शनापुरते.

हें सर्व बोलणें आई दारांत उभी राहून ऐकत होती. तिनें चाचांस एकच प्रश्न विचारला, “मंग कूलरचं काय?”

विदर्भाबाहेरील वाचकास या प्रश्नाचें गांभीर्य कळणार नाहीं म्हणून सांगतों. चैत्र-वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास घोटाळत असतो, आणि कूलर हें त्या दिवसांत चैनीचें नव्हे तर जगण्याचें साधन होय. लोखंडी पत्र्याची मोठी पेटी, तीन बाजूंस वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, तळाशीं पाण्याचें टांकें, त्या टांक्यांत बुडालेला चिमुकला विजेचा पंप आणि पुढें पंखा. लोखंड, पाणी आणि वीज हीं तिन्हीं एका पेटींत नांदवावयाचीं, आणि ती पेटी घरांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांनीं भरावयाची! कूलरचा धक्का लागून मनुष्य दगावल्याची बातमी विदर्भांतील वृत्तपत्रांत उन्हाळ्या-उन्हाळ्याला येते. आमच्या घरीं दुपारीं कूलरमध्यें पाणी ओतण्याचें काम आईनें स्वतःकडे घेतलेलें. धुतलेल्या फरशीवर अनवाणी उभें राहून, ओल्या हातानें.

“मले त वाटलं, वयाच्या मुंग्या हायेत,” ती म्हणाली. “कूलरले हात लागला का खांद्यापर्यंत झणझण होये. सांगायचं काय त्यात? म्हातारपण आलं म्हटलं.”

सर्व उन्हाळाभर तिनें ही गोष्ट कोणास सांगितली नव्हती. खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. चाचांनीं कोपऱ्यांत झांकून ठेवलेला कूलर उघडला, पंप बाहेर काढला, आणि त्याच्या तारेचें फुगलेलें, फाटलेलें आवरण आम्हांस दाखविलें. संगणकांतून झिरपणाऱ्या विजेस कंडेन्सरचा आळा असतो. फाटक्या तारेस कसलाच आळा नाहीं. दहा-पंधरा मिलिॲंपिअर वीज हातांतून गेली कीं स्नायू आंखडून धरलेली वस्तु सोडवत नाहीं, आणि त्याहून थोडी अधिक वीज काळजापर्यंत पोंचली तर पुढचें सांगावयास नको. ज्या पेटीस आईनें बंद करावयास सांगितलें होतें, तिची ठिणगी निरुपद्रवी होती. आणि जी पेटी एक अक्षर न बोलतां तीन महिने थंड वारा घालीत होती, तिच्यापाशीं तिचा रोजचा जीव टांगलेला होता.

चाचांबरोबर एक तरुण मदतनीस होता. काम लौकर उरकावें म्हणून त्यानें सुचविलें, “न्यूट्रललेच जोडून देऊ का, चाचा? दिवा बी लागते.” चाचा त्याच्यावर असे कडाडले कीं आम्हीही दचकलों. “उद्या खांबावरचा न्यूट्रल तुटला, त पूरा फेज कूलरच्या अंगात येईन. मंग कोण जिम्मेदार?” तिसऱ्या भोंकास न्यूट्रलच्या तारेशीं जोडून वेळ मारून नेण्याची ही युक्ति पुष्कळ घरांतून केलेली असते असें त्यांनीं मागाहून सांगितलें. दिव्याची परीक्षा त्या युक्तीनें पार पडते, एवढाच काय तो तिचा लाभ.

दुसऱ्या दिवशीं अंगणांत खड्डा खणावयास सुरुवात झाली. वरचा थर काळ्या मातीचा. ही आमची काळी जमीन पावसांत ओल धरून ठेवते व विजेस मोकळी वाट देते. पण उन्हाळ्यांत तीच आटते, भेगाळते, आणि तिच्यांत पुरलेल्या नळीपासून मागें सरते. म्हणून नुसती नळी ठोकून भागत नाहीं. दोन हातांवर मुरूम लागला, आणि भाच्याच्या तळहातांस फोड आले तरी त्यानें पहार सोडली नाहीं. त्याचे तास या खड्ड्याच्या तळाशीं अडकलेले होते ना! अडीच मीटर लांबीची, भोंकें पाडलेली जस्ती नळी उभी करून तिच्या भोंवतीं कोळसा व मीठ यांचे थरावर थर दिले. मीठ ओल ओढून घेतें, कोळसा ती धरून ठेवतो. नळीच्या वरच्या तोंडाशीं पाणी ओतण्यासाठीं एक नाळकें बसविलें. तेथून हिरव्या आवरणाची जाड तार घरांत आली आणि एका एका सॉकेटच्या त्या रिकाम्या भोंकाशीं जाऊन भेटली. सर्वंसहा म्हणून जिचा आपण गौरव करतों, त्या भूमीशीं आमच्या घराचा खरा संबंध त्या सायंकाळीं जुळला.

चाचांनीं पुन्हां दिव्याची परीक्षा घेतली. या वेळीं वरच्या भोंकांतही दिवा लखलखीत लागला. मग त्यांनीं मीटरच्या पेटींत एक नवा स्विच बसविला. गेलेली वीज व परत आलेली वीज यांत ३० मिलिॲंपिअरचा फरक पडतांच तो सारें घर बंद करतो. तो बसविल्यावर भाच्यानें हौसेनें पुन्हां तोच दिवा फेज आणि अर्थ यांच्यामध्यें लावला, तों ‘खट्’ असा आवाज होऊन घरभर अंधार पसरला. आई घाबरली, चाचा मात्र प्रसन्न हंसले. दिव्यांतून जाणारी वीज परत न येतां जमिनींत गेली, हें त्या स्विचनें पुरतें डोळा लवण्याआधीं ओळखलें होतें.

संगणकाच्या पत्र्यावरची ती मखमल तेव्हांपासून नाहींशी झाली. टेस्टर लावला तर आंतला दिवा पेटत नाहीं. तरीही भाच्यानें आपला एक नियम करून घेतला आहे: टीव्ही असो वा प्रिंटर असो, आधीं दोन्हीं यंत्रांची वीज बंद, केबलची तार बाजूस, मग निरोपाच्या तारा जोडावयाच्या, आणि सर्वांत शेवटीं एकाच बोर्डावरून सर्वांस वीज द्यावयाची. आईनें हें सर्व दोनदां करवून पाहिलें आणि मगच आपला निकाल मागें घेतला. फाटका पंप तिनें स्वतःच्या हातानें भंगारांत घातला. उन्हाळ्यांत सकाळीं तुळशीस पाणी घातल्यावर एक तांब्या ती त्या नाळक्यांतही ओतते.

त्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत भाचा गांवीं गेला तो टेस्टर खिशांत घालूनच. तेथें विहिरीवर मोटारीचा स्टार्टर आहे. बाभळीच्या खांबावर बसविलेली लोखंडी पेटी. शेतीला वीज कित्येकदां रात्रींच मिळते, आणि मग ओल्या बांधावरून, ओल्या पायांनीं जाऊन त्या पेटीची हिरवी कळ दाबावी लागते. ती हातानें दाबूं नये, हें तेथें सर्वांस ठाऊक होतें. म्हणून पेटीशेजारीं दोरीनें बांधून एक वाळलेली काडी टांगलेली असे, आणि तिनेंच कळ दाबण्याचा प्रघात होता. काडी कां, हें कोणी विचारीत नसे.

भाच्यानें टेस्टर लावला. तो मंद पेटला नाहीं, ढळढळीत पेटला. मग भाऊजींनीं व त्यानें मिळून विहिरीच्या हौदाशेजारीं, जेथें बारमास पाणी सांडतें, तेथें खड्डा खणला, आणि तालुक्याहून वायरमन आणवून स्टार्टरच्या आंतील खराब झालेली तार बदलून घेतली. हौदाचें पाणीच जमीन ओली ठेवीत असल्यामुळें तेथें वेगळें पाणी घालावें लागत नाहीं. पेटीच्या पत्र्यास आतां टेस्टर लावला तर कांहींच दिसत नाहीं. काडी मात्र अजून दोरीला तशीच आहे; भाऊजी म्हणतात, असूं द्या.